थोरलीची मूठ

गल्लीत कापड रंगवण्याचे कारखाने दोन आणि गटार एक. लाल कुणाचं, निळं कुणाचं, गटाराला काय ठाऊक? ते सगळं पोटात घेऊन ओढ्यात ओतायचं. म्हणून पाणी तपासणारे साहेब बजावून गेले, "उद्या बाराला गटाराच्या तोंडाशी बाटली भरीन. रंग दिसला तर दोन्ही नळ बंद."

एक कारखाना थोरलीचा. तिच्या पिंपातलं रंगाचं पाणी रोज निवळायचं. तेच ती पुन्हा कापडाला वापरायची. त्यात काय घालते, हे मात्र पडदा ओढून. कुणी विचारलंच तर म्हणायची, "झाकली मूठ सव्वा लाखाची." दुसरा कारखाना तिच्या धाकट्या जावेचा. तिलाही अकरा वर्षांत थोरलीनं पत्ता लागू दिला नव्हता. पण आता धाकटीचं लाल पाणी थोरलीचाही नळ घेऊन जाणार होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला थोरलीनं भिंतीवरून सांगून टाकलं.

"पिंपाला तीन मुठी तुरटीची पूड, एक मूठ चुना. ढवळ, मग हात लावू नकोस."

दहाला धाकटी दारात उभी. चेहरा उतरलेला, आवाज चढलेला.

"जाऊबाई, पाणी गुलाबी दुधासारखं झालंय. बुडवायचंच होतं तर तोंडावर सांगायचं."

"तीन मुठीच घातल्यास ना?"

"मोजून तीन. तेवढं मोजणं माहेरी शिकवलंय मला."

थोरलीच्या जिभेवर उत्तर तयार होतं. तेवढ्यात तिची नजर धाकटीच्या हातावर गेली. ओलं कापड पिळून पिळून सुपाएवढा झालेला पंजा. थोरलीचा स्वतःचा हात उकळत्या रंगानं भाजून आखडलेला. तिच्या मुठीत धाकटीच्या निम्मंही मावत नव्हतं. इतकी वर्षं झाकलेल्या मुठीत मावतं तरी किती, हे तिचं तिलाच ठाऊक नव्हतं.

तिनं चहाचा कप पुसला आणि तीन मुठी पूड त्यात टाकली. कप काठोकाठ भरला. मग चप्पल न घालताच ती धाकटीच्या पिंपाशी धावली.

"यातलं अर्धं पाणी दुसऱ्या पिंपात काढ. तेवढं रंगाचं नवं पाणी भर."

"आणखी रंग?"

"तुरटी जास्त झालीये गं. तिला काम दे."

दोघी पिंपाशी बसल्या. साडेअकरा झाले तरी गढूळच. धाकटीनं दोनदा नळाकडे पाहिलं. थोरली पाण्यावरून नजर काढेना. मग कुठंतरी एक लाल कण दिसला, दुसरा दिसला, आणि दमलेली माणसं बसावीत तसे ते हळूहळू तळाशी बसू लागले.

बाराला वरचं पाणी गटारात सोडलं. साहेबांनी बाटली उन्हात धरली. हलवली. पुन्हा धरली.

"नळ राहू देत," ते म्हणाले. "पण हे केलंत कसं? पलीकडच्या गल्लीतही सांगावं म्हणतो."

थोरलीनं धाकटीच्या पंजाकडे पाहिलं.

"लिहा," थोरली म्हणाली. "एका पिंपाला एक कप तुरटी, त्याच्या तिसरा हिस्सा चुना. मूठ लिहू नका."

"आणि कप केवढा, तेही लिहा," धाकटी म्हणाली. "नाहीतर कुणीतरी तांब्या घेऊन बसेल."