आईचा उजवा हात

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. आईला सांगायची गरज नव्हती — ती तिथेच होती.

आई पनवेलच्या एका शाळेत भूगोल शिकवायची. निवृत्त झाल्यावर तिला दोन नाद लागले. एक हवामान बदलाचा — शब्दकोश शेजारी ठेवून ती जाडजूड शास्त्रीय अहवाल वाचायची. दुसरा, माझ्या लेकीच्या एकमेकींत बसणाऱ्या प्लास्टिकच्या खेळण्यातल्या विटांचा. लेक कंटाळली, आई नाही.

गेल्या वर्षी तिनं जेवणाच्या टेबलावर गाढी नदी बांधली. निळ्या विटांचं पात्र, हिरव्या विटांची पाणथळ शेतं, खालच्या अंगाला आदिवासी वाडी. मग शेतांवर लाल विटा रचल्या. लाल म्हणजे मातीचा भराव. तो पडला की मुसळधार पावसात पाणी वाडीत कसं घुसणार, हे ती शेजारणींना तांब्यानं पाणी ओतून दाखवायची.

आणि तो भराव कुणाचा होता? माझा. माझेच डंपर तिथे माती टाकणार होते.

भरावाच्या परवानगीसाठी जनसुनावणी होती, त्या सकाळी ती ते मॉडेल घेऊन निघणार होती. बायको ऑफिसात, लेक शाळेत. मी आडवा उभा राहिलो.

"आई, माझी अब्रू जाईल."

"तुझं नाव नाही घेणार मी. पण पाणी कुठे जाणार, ते सांगणार."

इतकं शांतपणे — त्या शांतपणाचाच राग आला का? की ती खरं बोलत होती, याचा? मी ओट्यावरचा वरवंटा उचलला आणि टेबलावर घातला. पुन्हा घातला. विटा भिंतीवर आदळल्या. वाडी फुटली. मी ओरडत होतो, काय ते आठवत नाही. आई वाकली आणि उरलेल्या नदीवर तिनं हात पसरला.

इथपर्यंत मी स्वतःशी अनेकदा येतो. आणि पुढे म्हणतो — हात दिसलाच नाही.

दिसला होता. बांगडी दिसली, नखांत अडकलेली हळद दिसली. वरवंटा वर होता, थांबवता आला असता. मी तो खाली आणला — सगळा जोर लावून. हाड मोडल्याचा आवाज अगदी लहान असतो.

अजून आहे. दवाखान्यात नेण्याआधी मी सगळ्या विटा गोळा करून खोक्यात भरल्या. आई मोडलेला हात मांडीवर घेऊन खुर्चीत बसली होती — आणि मी सोफ्याखाली शोधत होतो.

"कसं झालं?" डॉक्टरांनी विचारलं. आई माझ्याकडे बघत राहिली. मी काय सांगतो, याची वाट बघत.

"सेफ्टी डोअरमध्ये सापडला," मी म्हणालो. तिनं मान खाली घातली.

सुनावणीत कुणी काही बोललं नाही. भराव झाला. पावसाळ्यात वाडीतल्या झोपड्या गेल्या.

आई आता डाव्या हातानं जेवते. भात सांडतो. बायको लेकीला रोज बजावते, "दार जपून लाव गं, आजीचं झालं तसं होईल." मी समोरच बसलेलो असतो. आमटी वाढून घेतो.