माईक खराब हाय, मॅडम

"माईक खराब हाय, मॅडम."

उन्हाळी शिबिराच्या ऑनलाइन वर्गात हा निरोप चॅटमध्ये रोज सकाळी आठच्या ठोक्याला उमटायचा. सोळा वर्षांच्या एका मुलीच्या नावाने, कॅमेरा बंद ठेवून. मी नांदेडला घरी बसून मुलांना लेखन आणि चित्रकला शिकवत होते. तुम्ही कधी शिकवलं असेल तर जाणताच, न बोलणारा विद्यार्थी शिक्षकाला फार गुणी वाटतो.

तिचा गृहपाठ त्याच संध्याकाळी यायचा. कागदाच्या फोटोत तेलाचे डाग असत. एका चित्रावर जिरं चिकटलेलं होतं. "बघा, ही मुलगी नवनवीन साहित्य वापरते," असं मी वर्गाला कौतुकाने सांगितलं. आता आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

आठवड्याभराने माईक एकदाचा सुधारला, म्हणजे चुकून चालू राहिला. मुलीच्या चौकोनातून भारदस्त पुरुषी आवाज आला, "आरं जीप थांबव की! पोरीचा डबा ऱ्हायला!"

पोरं हसून हसून बेजार झाली. वर्ग संपल्यावर मी तणतणत फोन लावला.

गृहस्थ शिरूर अनंतपाळचे किराणा दुकानदार निघाले. मुलीचे वडील.

"पोरगी लातूरला हाय, मॅडम, नीटच्या क्लासला. तिनंच तुमच्याकडं नाव घातलं होतं. मी म्हणलो, आधी डॉक्टर हो. रंगपेटी बी उचलून दुकानाच्या माळ्यावर टाकली. तवापासून धड बोलंना माझ्याशी. मग तुमचं ऐकून चिठ्ठी लिहायलोय, डब्यात घालतो. रिकाम्या डब्यात तिचा कागद येतो."

लातूरला शिकणाऱ्या मुलांचे डबे गावोगावाहून जीपने जातात, हे मला ठाऊक होतं. पोळीखालून माझा वर्गही जातो, हे नवीन होतं. आपणच बंदी घालायची आणि आपणच चोरून माल पोचवायचा, असा यांचा कारभार!

"मग तिलाच बसू द्या की वर्गात," मी म्हणाले.

"न्हाई, न्हाई. अभ्यासाचं नुकसान होतंय."

मी त्यांना काढून टाकायला हवं होतं. नाही काढलं. मला तो माणूस आवडला होता.

शेवटच्या दिवशी वर्ग मुद्दाम संध्याकाळी ठेवला होता; प्रत्येकाने कॅमेरा सुरू करून आपलं लिखाण वाचायचं होतं. विषय होता, घरातली वापरात नसलेली वस्तू. त्यांची पाळी आली आणि ते पहिल्यांदाच दिसले. कपाळावर विभूती, मागे साखरेची पोती, समोर जीपमधून नुकताच उतरवलेला डबा.

"उशिरा आली जीप. म्या बी वाचलं न्हाई अजून," म्हणत त्यांनी कागद काढला आणि शाळेत वाचतात तसं मोठ्याने वाचू लागले.

"माझी रंगपेटी माळ्यावर आहे. अप्पांनी ठेवली. अप्पा रोज डब्यात चिठ्ठी घालतात. खाली लिहितात, आधी अभ्यास कर, मग हे कर. मी आधी हे करते."

मुलं हसली. तेही हसले.

"परीक्षा झाली की रंगपेटी काढून देणार आहेत. पण अप्पा, रंग वाळून जातात."

तीच ओळ त्यांनी पुन्हा ओठांतल्या ओठांत वाचली. मग आम्हा सगळ्यांना स्वच्छ ऐकू आलं, "माईक खराब हाय, मॅडम."

ते उठून गेले. कॅमेरा बंद करायचं विसरले. बाहेरून कोणीतरी विचारत होतं, "अप्पा, साखर देताव का न्हाई?" उघडा डबा तसाच समोर होता, आणि मागे माळ्याला लावलेल्या शिडीवर दोन पाय वर चढताना दिसत होते.