आठव्यांदा रुजू

धरमपेठेतल्या आमच्या ऑफिसच्या गेटवर बसणारे काका माझ्याही आधीपासून तिथे होते. स्टूल तेच, शिट्टी तीच. खिशावरचं एजन्सीचं नाव तेवढं दर एक-दोन वर्षांनी बदलायचं. ठेका बदलला की नवी एजन्सी जुन्याच माणसांना ठेवून घ्यायची.

वरच्या मजल्यावर आम्ही अशाच सिक्युरिटी एजन्सींच्या हजेरीचं सॉफ्टवेअर बनवलं होतं. डेटाबेस एकच, कंपन्या अनेक. रचना माझी. प्रत्येक नोंदीला कंपनीचा नंबर, आणि एकीचं अक्षरही दुसरीला दिसणार नाही. माणसांची यादी तरी सगळ्यांची मिळून एकच ठेवू या, असं तेव्हा एक सहकारी म्हणाली होती. डोक्याला ताप नको म्हणून मी तिला उडवून लावलं. माझा स्वभावच तसा, काय करणार.

गेल्या उन्हाळ्यात काका जिना चढून वर आले. एका हॉस्पिटलात पक्की नोकरी निघाली होती. लागोपाठ दहा वर्षं काम केल्याचा दाखला हवा होता, आणि वयाच्या अटीत बसायची त्यांची ही शेवटची खेप होती.

"मॅडम, जुन्या एजन्स्या तं बंद पडल्या. कोणाले मागू? तुमच्या कम्प्युटरमध्ये सारं असन ना. मी कवापासून आहो, तेवढं लिहून द्या."

मी शोधलं. आधार नंबर एक, माणसं सात. सात कंपन्या, सात रुजू तारखा, आणि चालू एजन्सीतला सोडला तर प्रत्येक जण दीड-दोन वर्षांत काम सोडून गेलेला. मला सातही दिसत होते, कारण किल्ली माझ्याकडे होती. बाकी कोणालाच दिसणार नव्हते.

मी तणतणत साहेबांकडे गेले.

"डेटा कंपन्यांचा आहे, आपला नाही," ते म्हणाले. "सगळ्यांचं जोडून कागद काढला तर उद्या आपल्याकडे कोण थांबेल? अन् करारात ही अट तुम्हीच घालून घेतली होती."

घातली होती खरी. मी गुपचूप परत आले आणि काकांना सांगितलं, नाही निघत.

"काहून नाही निघत? मी तं इथंच बसून राहिलो ना."

"काका, ते तुम्हाला नाही कळायचं," मी खेकसले. ते आठवलं की आजही स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

त्यांनी चालू एजन्सीचा दाखला जोडला. अकरा महिन्यांचा. अर्ज छाननीतच बाद झाला.

या महिन्यात ठेका पुन्हा बदलला. नव्या एजन्सीची यादी मीच चढवली. काकांच्या नावापुढे 'नवीन कर्मचारी' असं आलं. दुरुस्त करायला तिथे काही नव्हतंच, सगळं मी ठरवलं तसंच चाललं होतं.

संध्याकाळी हुडकेश्वरला घरी निघाले, तेव्हा काकांनी उठून गेट उघडलं.

"मॅडम, आलो का मी कम्प्युटरमध्ये?"

"आलात," मी म्हणाले. "एक तारखेपासून."