राहण्याचा पुरावा

कॉलेजच्या ऑफिसात त्यांना सगळे पत्तेवाले काका म्हणत. नव्याने लागलेल्या माणसाला वाटे, काका पत्ते कुटण्यात पटाईत असणार. काकांनी जन्मात पत्त्यांना हात लावला नव्हता. मुलांनी अर्जावर लिहिलेल्या पत्त्यावर ती खरंच राहतात का, हे घरी जाऊन बघणं हे त्यांचं काम. एकवीस वर्षं तेच. आता गुडघे कुरकुरत होते, आणि मनही.

कॉलेज नावाजलेलं, जागा मोजक्या. त्यातल्या निम्म्या शहराबाहेरच्या, दूरच्या गावांतल्या मुलांसाठी ठेवलेल्या, कारण तिकडे ना धड शाळा ना शिकवण्या. शहरातल्या मुलाला ब्याण्णव टक्क्यांनाही दार बंद असे, तिथे दूरच्या गावातल्याला ब्याऐंशीला आत घेत. अट एकच, मागची तीन वर्षं मूल त्याच गावात राहिलेलं हवं. मग शहरातले आईबाप तिकडे खोली भाड्याने घेत, दारावर नावाची पाटी ठोकत, आणि काका जात ती पाटी वाचायला.

काकांना उंबरठ्यावरच कळे. राहत्या घरात दिव्याच्या बटणाभोवती बोटांचे डाग असतात. दाखवायच्या घरात पडद्याच्या घड्याही मोडलेल्या नसतात.

दोन वर्षांपूर्वी त्यांच्याच लेकीचं नाव तीन गुणांनी यादीबाहेर राहिलं होतं. त्याआधी मेहुण्याने सुचवलं होतं, "भाचीला आमच्या गावची दाखवा ना, भावजी. तपासायला येणार कोण? तुम्हीच." काका नाही म्हणाले. लेक मग घराजवळच्या साध्या कॉलेजात जाऊ लागली. तिने त्यावर कधी शब्द काढला नाही. तिच्या वाटचं तिच्या आईने बोलून घेतलं.

यंदाच्या गठ्ठ्यातला शेवटचा अर्ज बस जिथे संपते त्या डोंगरातल्या गावचा होता. मुलीला अठ्ठ्याऐंशी टक्के. आई तिथल्या दवाखान्यात औषधं द्यायची, आणि दवाखान्यामागच्या दोन खोल्यांत राहायची. काका पोचले तेव्हा ती दार उघडून उभीच होती. बटणाभोवती डाग होते. भिंतीवर पेन्सिलीने मुलीची उंची मांडलेली, वर्षावर वर्ष. काकांना बरं वाटलं. ते पाणी प्यायले आणि नेहमीचा प्रश्न विचारला.

"मुलगी कुठे बसते अभ्यासाला?"

"इथे नाही बसत. दोन वर्षं झाली, माझ्या बहिणीकडे असते शहरात," ती म्हणाली. "इथल्या शाळेत विज्ञानाला शिक्षकच नाही. सुट्टीत येते."

काकांचं पेन थांबलं. "बाई, अट वाचलीत ना तुम्ही?"

"वाचली. पण घर तर हेच आहे तिचं. जन्मली इथे."

"शेजारी विचारलं असतं तर काय सांगितलं असतं त्यांनी?"

"हेच. म्हणजे मी खोटं बोलायला हवं होतं का?"

काकांनी पेन पुन्हा टेकवलं. त्यांनी कागदावर लिहिलं, उमेदवार दोन वर्षांपासून या पत्त्यावर राहत नाही. मग निघताना बस सोडून दिली आणि चढ चढून शाळेत गेले. हेडमास्तर एकटेच तीन वर्ग सांभाळत होते. त्यांच्याकडून काकांनी लिहून घेतलं की विज्ञानाची जागा दोन वर्षं रिकामी आहे. तो कागद अहवालाला जोडला. एकवीस वर्षांत असं त्यांनी पहिल्यांदाच केलं.

ऑफिसात प्रवेशाच्या साहेबांनी तो कागद वाचला आणि टाचणी काढून बाजूला ठेवला.

"काका, तुमचं काम पत्ता बघायचं. वकिली करायचं नाही."

"साहेब, तिथे राहून एवढे गुण पडलेच नसते. ज्यांच्यासाठी जागा ठेवल्या, त्यांतलीच मुलगी आहे ही."

"असेल. पण उद्या प्रत्येक जण बहिणीचं घर सांगत येईल. आणि याच गठ्ठ्यातल्या ज्या दुसऱ्या घराबद्दल तुम्ही 'संशयास्पद' लिहिलंत, त्यांचे कागद मात्र चोख आहेत. घरमालकाची सही, तीन वर्षांची विजेची बिलं. माझा इलाज नाही."

ते घर काकांना आठवलं. पडद्याच्या घड्या तशाच होत्या.

यादी लागली. डोंगरातल्या मुलीला शहरातल्या मुलांमध्ये मोजलं गेलं, आणि अठ्ठ्याऐंशी टक्के तिथे कुठेच पुरले नाहीत. पडदेवाल्यांचा मुलगा आत गेला.

संध्याकाळी काकांनी घरी सगळं सांगितलं. बायको म्हणाली, "नियम तुम्ही केलाय का? जिवाला लावून घेऊ नका." लेक पुस्तकातून वर बघून म्हणाली, "त्या मुलीच्या आईने लपवलं असतं तर तुम्ही पकडलं असतं?"

"पकडलं असतं."

"मग सांगितलं ते बरंच केलं तिने," ती म्हणाली आणि परत वाचू लागली. त्यात टोमणा होता की समजूत, हे काकांना कळलं नाही, आणि विचारायचं बळही नव्हतं.

चार दिवसांनी ऑफिसात फोन आला. दवाखान्यातल्या बाई बोलत होत्या. आवाजात राग नव्हता. मोठी आता मावशीकडे राहूनच दुसऱ्या कॉलेजात जाणार होती. विचारायचं होतं ते वेगळंच.

"माझी धाकटी यंदा नववीला गेली. तिला इथेच ठेवू का? म्हणजे पत्त्याची अडचण नको."

"विज्ञानाला शिक्षक आला?"

"नाही अजून."

काकांनी मनातल्या मनात हिशेब मांडला. ठेवली तर पत्ता राहील आणि गुण जातील. पाठवली तर गुण येतील आणि पत्ता जाईल. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. बाई फोन धरून थांबल्या होत्या, डॉक्टर रिपोर्ट वाचत असताना पेशंट थांबतो तशा.

"पाठवा तिला," काका शेवटी म्हणाले. "शिकू दे."

"आणि पत्त्याचं?"

"ते मला विचारू नका, बाई."

त्यांनी फोन ठेवला, दुसऱ्या यादीच्या अर्जांचा गठ्ठा ओढला आणि चष्मा पुसला.