रंग न सोडणारे मणी

जांभळाच्या अर्कात शरीराच्या उपयोगाचं जे काही असतं, ते हवेनं आणि उजेडानं चटकन वाया जातं. म्हणून ते जेलच्या बारीक मण्यांत कोंडायचं आणि पोटात गेल्यावर हळूहळू सुटेल असं करायचं, हे माझं काम. नव्वदीतली गोष्ट. सचिन गावातल्या एका औषधाच्या कारखान्यात मी नवी होते. मणी जमले तर बाजारात आणू, असं शेठ म्हणाले होते आणि मी वेडीसारखी त्या शब्दावर विसंबले.

समुद्री शेवाळापासून केलेली पूड पाण्यात घोटायची, त्यात अर्क मिसळायचा आणि कॅल्शियमच्या पाण्यात सुईतून थेंब थेंब सोडायचा. थेंबाचा मणी होतो. पहिले मणी नालायक निघाले. घट्ट होता होताच निम्मा अर्क बाहेर. ते बरणीत भरून फळीवर टाकून दिले. मग वरचे लेप बदलत बसले. उधन्याला घरी जाताना हात जांभळे, त्यावरून आईची बोलणी वेगळी. शेवटी असे मणी साधले की ते घालून ठेवलेलं पाणी नितळ राहिलं. मला नाचावंसं वाटलं.

शेठनी दुकानदार बोलावले. मी पेल्यात मणी टाकले. सगळे टक लावून बसले. काही झालं नाही. होणारच नव्हतं, त्यासाठीच तर मी मरमर मेले होते.

“आमांथी तो कंई नीकळतुं ज नथी, बेन!” एक दुकानदार हसला.

मी समजावू लागले, तोवर शेठनी फळीवरच्या बरणीतले मणी दुसऱ्या पेल्यात ओतले. पाणी लगेच गर्द जांभळं. वाहवा झाली. ह्यांत औषध टिकणार नाही, नुसता रंग उरेल, असं मी शेठना सांगितलं.

“तो रंग थोडो वधारे नाखजो,” ते म्हणाले.

तेच गळके मणी कारखान्यातून निघू लागले, वरून रंग घातलेले. ते करायलाही मलाच बसवलं. अजून आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते.

एका संध्याकाळी घरी आले तर आईनं दुकानातून त्यांची बाटली आणलेली, शेजारच्या बाया गोळा करून मणी पेल्यातल्या पाण्यात टाकलेले.

“देखा वं, मनी पोरनं काम शे हाई! कितला मस्त रंग सुटना!”

तिनं तो पेला कौतुकानं माझ्याच हातात दिला. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. मी तो पूर्ण प्याले.