द्वारकाबाईंचे मासे

द्वारकाबाईंचं घर माळकरी. पाचोडला असेपर्यंत मासा त्यांच्या उंबऱ्याच्या आत कधी आला नव्हता. शहरात, उस्मानपुऱ्यात राहायला आल्यावर आला, तोही जिवंत. वाळूजच्या कारखान्यात नोकरीला असलेल्या त्यांच्या मुलानं, रामकिसननं, एका संध्याकाळी फिश टँक आणून बैठकीत ठेवला.

"आई, तू दिवसभर एकटी असतीस. तुला सोबत."

"आरं, पण बोलत तं नाय ते!"

आठवडाभरात बाईच माशांशी बोलायला लागल्या. लांब शेपटीची सोनेरी मासोळी ती पाटलीण. कोपऱ्यात उभा राहून सगळ्यांवर डोळा ठेवणारा काळा, तो कोतवाल.

गोठा लख्ख ठेवायची जन्माची सवय. ती त्यांनी टाकीला लावली. नळ यायचा तो मधे कितीतरी दिवस टाकून. त्या दिवशी पिंपं भरून झाली की टाकी रिकामी करायच्या, काच घासायच्या, खडे चोळायच्या. पाणी गाळणाऱ्या मशीनचा स्पंज नळाखाली धरून पांढराशुभ्र होईपर्यंत पिळायच्या. मग काठोकाठ ताजं पाणी. टाकी आरशासारखी चमकायची.

आणि मासे मरायला लागले. आधी एक बारका गेला, मग दुसरा. पाटलीण तळाला बसून राहिली. कोतवाल पाण्यावर तोंड काढून धापा टाकू लागला, कल्ले लालभडक. रामकिसननं दुकानातून निळं औषध आणलं. पाणी तेवढं निळं झालं. द्वारकाबाईंना घास गोड लागेना. "जनावर आपल्या दावणीला मरतंय, म्हंजी आपलंच कायतरी चुकतंय," त्या म्हणायच्या.

ब्लाऊज शिवायला त्या पलीकडच्या गल्लीतल्या ताहेराकडं गेल्या, तेव्हा तिच्या शिलाई मशीनमागं त्यांना टाकी दिसली. पाणी जरा पिवळसर, एका बाजूची काच शेवाळानं हिरवी, आणि मासे मात्र टुणटुणीत.

"आगं बाई! एवढ्या घाणीत हे जगतात कसे?"

ताहेरा खळखळून हसली. माशांचा शौक तिला माहेरापासूनचा. द्वारकाबाईंच्या माशांचं ऐकून दुपारी हातातलं काम टाकून ती पाणी तपासायच्या औषधाची चिमुकली बाटली आणि काचेची नळी घेऊन त्यांच्या घरी आली. टाकीतलं पाणी नळीत घेऊन तिनं वरून थेंब टाकले. पाणी हिरवं झालं.

"ये देखो, मावशी. पिवळं राहायला पाहिजे होतं. माशांचीच घाण पाण्यात विरघळलीय. आपल्याला दिसत नाही, पण त्यांना पोळतीय."

"पर मी तं घासून घासून धुते!"

"उसी वास्ते! ती घाण खाणारे बारीक जीव स्पंजात राहतात. तुम्ही त्यांनाच धुऊन टाकता. विरजणाचं भांडं रोज घासलं, तर दही कशाचं लागणार?"

द्वारकाबाईंनी टाकीशेजारची घासणी उचलून लांब ठेवली.

"बरं, मासे जास्ती बीमार कधी पडतात?" ताहेरानं विचारलं.

त्यांनी आठवून पाहिलं आणि एकदम उठल्याच. "नळाच्या दिशी! दर येळी नळाच्याच दिशी!" पिंपावरचं झाकण काढून त्यांनी वास घेतला. ब्लीचिंग पावडरचा उग्र भपका आला. "व्हय गं बाई. ह्योच वास त्यांच्या नाकातोंडात जात असंल."

मग पाणी गच्चीवर उघडं ठेवून वास उडवायचा, टाकीतलं थोडंच बदलायचं, स्पंज टाकीतून काढलेल्या त्याच पाण्यात हलका खळबळायचा, खाणं चिमूटभर, असं ठरलं. सगळ्यात अवघड होतं न घासणं. एकदा रामकिसननं त्यांना घासणी घेऊन काचेपाशी पकडलं.

"आई!"

"नुसतं बघत व्हते."

हळूहळू कोतवाल खाली उतरला. पाटलिणीची शेपूट पदरासारखी उलगडली. नळीतलं पाणी पिवळं राहिलं, त्या दिवशी द्वारकाबाईंनी शिरा केला. ताहेरानं दोनदा मागून घेतला.

पुढं गल्लीत कुणाचा मासा आजारी पडला, की बोलावणं यायचं. द्वारकाबाई ताहेरालाही ओढून न्यायच्या. शेजारच्या नानासाहेबांकडं मुलीचा साखरपुडा होता. सकाळीच ते धावत आले. "मावशी, सगळे मासे वर आलेत!"

दोघी पोचल्या. पाण्यात एक बुडबुडा नव्हता. दाराच्या दिव्यांची माळ लावायला कुणीतरी हवेच्या पंपाची पिन काढली होती. द्वारकाबाईंनी माळ उपटून पंप लावला.

"अहो, पाहुणे दारात आलेत!" नानासाहेब कळवळले.

"माळ मागून. आधी जीव."

बुडबुडे सुटले, मासे खाली गेले. तेवढ्यात नवरदेवाची आजी, आवडाबाई, दारातून सरळ टाकीपाशी आल्या. "काय झालतं वो? आमच्या माशाच्या अंगावर पांढरं पांढरं मीठ भुरभुरल्यावानी दिसतंय."

"बसा की," द्वारकाबाईंनी चटई ओढली. "नवा मासा आणलाता का मधी?"

तिकडं अंगठ्या घालून झाल्या, पेढे वाटून झाले. नानासाहेब हाका मारून थकले, आणि टाकीपुढं तीन बायकांची डोकी एकमेकींना लागलेलीच होती.