साक्षीत न सांगितलेला वास

"उजेड दिसायच्या आधी कसला वास येतो का?" डॉक्टरांनी विचारलं.

सुमन, माझी बायको, शेजारच्या स्टुलावर बसली होती. तिनं माझ्याकडे पाहिलं. देवानं मला कसं बोलावलं, ती मी सभांमधून द्यायचो ती साक्ष तिला तोंडपाठ होती. त्यात मोगऱ्याचा सुगंध होता.

"येतो," मी म्हटलं. "जळक्या रबराचा."

डॉक्टरांनी मान हलवली आणि केसपेपरवर लिहिलं, टेम्पोरल लोब एपिलेप्सी. कानाच्या वर मेंदूचा जो भाग असतो, तिथून सुरू होणारी फिट. आपल्याकडे आकडी म्हणतात, फेफरं म्हणतात. ते म्हणाले, फिट म्हणजे नुसतं पडून हातपाय झाडणं नव्हे. कुणाला वास येतो, कुणाला उजेड दिसतो, कुणाला कारण नसताना फार आनंद होतो. ती लहान फिट. तीच पसरली की मोठी होते आणि माणूस पडतो.

मी खुर्चीत बसून होतो आणि मला आजाराची भीती वाटतच नव्हती. आता लोकांना काय सांगू, एवढंच डोक्यात होतं.

मी मारुती, मूळ चंदगडकडचा. गोवा राज्य झालं त्या सुमारास डिचोलीत खाणीवर ट्रक चालवायचो. शिरगावच्या बाजूला माल भरायचा आणि जेटीवर ओतायचा. भरायच्या रांगेत तास तास जायचे. एका मेकॅनिकनं मला पवित्र शास्त्राचं, म्हणजे बायबलचं, लहान पुस्तक दिलं होतं, ते मी रांगेत वाचायचो. आधी वेळ जावा म्हणून, मग ओढ लागली म्हणून.

एका दुपारी रिकामा ट्रक घेऊन येताना जळका वास आला. वाटलं, क्लचप्लेट गेली. ट्रक कडेला घेतला आणि उतरायच्या आत सगळीकडे उजेड झाला. ऊबदार उजेड. कुणीतरी मला आतूनबाहेरून ओळखतं, माझी सगळी लफडी त्याला ठाऊक आहेत, आणि तरी ते माझ्यावर रागावलेलं नाही, असं वाटलं. भानावर आलो तर मागचे ट्रकवाले हॉर्न मारून शिव्या देत होते आणि मी रडत होतो.

त्याच महिन्यात मी ट्रक सोडला. देवानं बोलावलं, आता मागं बघायचं नाही. आम्ही कोरगावला आलो. मला काजूच्या कारखान्यात काम लागलं, आणि रविवारी आमच्या ओसरीवर प्रार्थना सुरू झाली. पुढं वीसेक माणसं यायला लागली. सुमनही विश्वासात आली, पण हळूहळू. तिला कधी काही दिसलं नाही. ती वाचायची आणि कुणाकडे आजारी माणूस असला की तिकडे जायची, बस्स.

आम्हा विश्वासी लोकांत साक्ष द्यायची पद्धत आहे. देवानं मला कुठं, कसं बोलावलं, ते उभं राहून सांगायचं. माझी साक्ष गाजली. म्हापशापासून मांद्र्यापर्यंत मला बोलावणी यायची. खोटं कशाला बोलू, पहिल्या वर्षी मी रबराचा वासच सांगितला होता, पण लोक हसले. दुसऱ्या वर्षी मी वास गाळला. तिसऱ्या वर्षी मोगरा आला. टाळ्या मिळाल्या की माणूस स्वतःच्याच थापेवर विश्वास ठेवतो, तसं माझं झालं.

मग एके दिवशी कारखान्याच्या अंगणात पडलो. लोकांनी नाकाला चप्पल लावली, कुणी कांदा फोडला, कुणी दातांत चमचा घातला, त्यानं माझा एक दात तुटला. मी म्हटलं, सैतानाचा हल्ला आहे, उपास करू. सुमन म्हणाली, "अहो, उपास करा, पण हॉस्पिटलात बसून करा. तुम्ही कितीतरी दिवस मधेच ओठ चाटत बसता, हाक मारली तर ऐकत नाही. मी बघतेय ना."

मोठ्या सरकारी हॉस्पिटलात तीन खेपा झाल्या. पहिल्या खेपेला नुसती रांग. दुसऱ्या खेपेला ईईजी. म्हणजे डोक्याला चिकट मलम लावून वायरी जोडतात आणि मेंदूतली वीज कागदावर रेघांनी उमटते. दुखत नाही. डोळे मीट, उघड, जोरात श्वास घे, एवढंच सांगतात. केसांतलं मलम मात्र दोन दिवस निघत नाही. मग सीटी स्कॅन, गाठ आहे का बघायला. गाठ नव्हती, जुना व्रण होता. लहानपणी तापात झटके यायचे का, असं डॉक्टरांनी विचारलं. आईला पत्र टाकून विचारलं तर तिनं कळवलं, यायचे की.

तिसऱ्या खेपेला निदान झालं, ते वर सांगितलंच. कार्बामाझेपिन नावाची गोळी सकाळ-संध्याकाळ, न चुकता. शिडी नको, गाडी नको, एकट्यानं पाण्यात उतरणं नको. "ट्रक सोडलात ते बरं केलंत," डॉक्टर म्हणाले. "चालवत राहिला असतात तर एखाद्या दिवशी दहा माणसं घेऊन गेला असतात."

गोळी सुरू झाली आणि उजेड बंद झाला. पहिले दिवस झोप यायची, एकाचे दोन दिसायचे. ते सरलं. पण प्रार्थनेला बसलो की कोरडं ठक्क. साक्ष द्यायला उभा राहिलो की जीभ अडखळायची. मनात एकच किडा वळवळायचा. ते बोलावणं म्हणजे फिट होती, तर मग मी कोण? काजू सोलणारा एक थापाडा. प्रार्थनेला येणाऱ्या मंडळीला मी सांगितलं होतं की अशक्तपणा आहे, टॉनिक चालू आहे.

शेवटी मी गोळी बंद केली. सुमन हातावर ठेवायची, मी तोंडात टाकल्यासारखं करायचो आणि परसात जाऊन पपईच्या बुंध्यात दाबायचो. शास्त्र शिकवणारा माणूस बायकोच्या डोळ्यांत धूळ फेकत होता. लिहिताना आजही मान खाली जाते.

त्याच दिवसांत शेवंतीकाकीचा बाप्तिस्मा ठरला. काकी साठीची, विधवा, कोरगावातलीच शेतकरीण. तिचा मुलगा नारायण याच्या विरोधात होता, पण आईपुढे त्याचं चालत नव्हतं. बाप्तिस्मा म्हणजे पाण्यात पूर्ण बुडवून वर काढायचं, जुनं आयुष्य पुरलं, नवं सुरू झालं म्हणून. आमच्यात दोघं जण धरतात. मी म्हटलं, मी एकटाच देतो. डॉक्टरांचे शब्द ऐकू येत होते, तरी म्हटलं.

सकाळी नऊचा सुमार. नदीत कमरेइतक्या पाण्यात मी आणि काकी, काठावर मंडळी गात होती. मी काकीच्या पाठीला हात दिला, तिनं नाक धरलं. तेवढ्यात वास आला. रबराचा.

आणि मला आनंद झाला. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, आज लिहितो. एक म्हातारी माझ्या हातावर भरवसा ठेवून पाण्यात वाकत होती, आणि मला वाटलं, आला, माझा उजेड आला. मी तिला खाली नेलं. पुढचं मला ठाऊक नाही.

पुढचं सुमननं सांगितलं. मी ताठ झालो आणि माझे हात काकीला धरून तसेच राहिले, पाण्याखाली. लोकांना वाटलं, पवित्र आत्मा आला, ते आणखी मोठ्यानं गायला लागले. एकट्या सुमनला कळलं. तिनं साडीनिशी उडी घेतली आणि माझ्या हाताला कडकडून चावली. त्यानं हात सुटले की फिट ओसरली म्हणून सुटले, देव जाणे. काकी काळीनिळी पडली होती.

काकीला अ‍ॅस्पिरेशन न्यूमोनिया झाला. म्हणजे पाणी, चिखल फुप्फुसात गेल्यानं होणारा न्यूमोनिया. नाकाला नळी, हाताला सलाईन. मी वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून राहिलो. आत जायची हिंमत नव्हती आणि घरी जायला तोंड नव्हतं. नारायण समोरच्या भिंतीला टेकून उभा असायचा. पहिल्या दिवशी तो एकच वाक्य बोलला, "आईक काय झाला तर तुका मी सोडूचंय नाय."

मंडळीतले लोक येऊन माझी समजूत काढत होते. ब्रदर, सैतानानं पाण्यात हल्ला केला, तुम्ही झुंजलात. अहो, दोन दिवस मी मूग गिळून बसलो. ऐकून घेतलं. आजार झाला त्यात माझा काय दोष? पण टाकून दिलेल्या गोळ्या आणि हे दोन दिवस माझे, पूर्ण माझे.

तिसऱ्या दिवशी काकीची नळी काढली. तिनं मला आत बोलावलं. नारायण पायथ्याशी उभा.

"तुका पाण्यात काय झाला, ता खरा सांग," ती म्हणाली. आवाज बसला होता.

मी सांगितलं. आजाराचं नाव, गोळी, पपईचं झाड, मोगरा, रबर, सगळं. उजेड यावा म्हणून गोळी बंद केली, हेही. नारायण माझ्याकडे धावला तेव्हा मी हलणार नव्हतोच. काकीनं हात वर केला, तो थांबला.

"आजाराची लाज कसली रे बाबा? गोळी घेवक नाय, तेची लाज धर."

"काकी, पण तुम्ही माझी साक्ष ऐकून विश्वासात आलात. ती साक्षच—"

ती हसली आणि खोकल्याची उबळ आली. सुमननं तिला पाणी दिलं. "तुझो उजेड ऐकान मी इलंय काय? माझो घोव खाटयेर होतो तेव्हा ही तुझी बायल सा म्हयने येय होती. तेचा गू-मूत काढल्यान. मी तिच्या देवाकडे इलंय."

काकीचा नवरा अंथरुणाला खिळला होता तेव्हाचं ती बोलत होती; सुमन खाली बघून चादर नीट करत राहिली. मी इतकी वर्षं गावोगाव स्वतःची साक्ष मिरवत होतो आणि माझ्याच घरातलं माणूस काय करतंय, ते मला दुसऱ्याच्या तोंडून कळत होतं. मी बाहेर येऊन ढसाढसा रडलो.

त्या रविवारी मंडळीपुढे उभा राहून सगळं सांगितलं. पाच जण उठून गेले, परत आले नाहीत. म्हापशाच्या ज्येष्ठ पास्टरांनी माझं शिकवणं थांबवलं. बरोबर केलं. सुमननं आठ दिवस माझ्याशी बोलणं टाकलं, गोळी मात्र दोन्ही वेळा देत होती आणि तोंड उघडायला लावून बघत होती.

पुढच्या तपासणीला मी डॉक्टरांना विचारलं, तो उजेड देवाचा होता की आजाराचा? ते म्हणाले, "ईईजीत मला रेघा दिसतात, देव आहे की नाही ते दिसत नाही. गोळ्या घेतल्या नाहीत, एवढं मात्र दिसतं." मी तो प्रश्न सोडून दिला. देवानं व्रणातून हाक मारली असेल किंवा व्रणच असेल. ट्रक सुटला, माणसं वाचली. शास्त्रातलं जे रोज करायला सांगितलंय ते करायला उजेड लागत नाही, हे मला फार उशिरा कळलं. आता मी सुमनबरोबर आजाऱ्यांकडे जातो, ती सांगेल ते करतो. उजेडाची आठवण येते, नाही म्हणत नाही.

तुमच्या घरी हा आजार असेल तर माझ्यावरून शहाणे व्हा. फिट आली तर कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, चपला-कांदे दूर ठेवा. बरं वाटतंय म्हणून गोळी मनानं बंद करू नका. प्रार्थना करा, जरूर करा, आणि ज्यानं कुणी तुम्हाला गोळी सोडायला सांगितलं त्याच्याकडे परत जाऊ नका, तो माझ्यासारखा नामांकित असला तरी.

काकी बरी झाल्यावर म्हणाली, माझा बाप्तिस्मा अर्धवट राहिला, तो पुरा करा. म्हापशाचे पास्टर आले, दोन धट्टेकट्टे भाऊ पाण्यात उतरले. मी काठावर, सगळ्यांच्या मागं उभा होतो. नारायण आला होता. त्याला आमच्या देवाशी देणंघेणं नव्हतं, आईवर नजर ठेवायला आला होता. खांद्यावर आईचा टॉवेल, हातात कोरडं लुगडं. तो गर्दीतून वाट काढत माझ्याजवळ येऊन उभा राहिला.

"गोळी घेतलंस?"

"घेतली."

"दाखव."

लोक बघत होते. मी खिशातून पाकीट काढून दिलं. सकाळची गोळी फोडलेली जागा त्यानं बोटानं चाचपली, उलटं करून बघितलं, मग पाकीट स्वतःच माझ्या खिशात घातलं. तिकडे काकी पाण्याखाली जाऊन वर आली, तोंडावरचं पाणी निपटत. नारायणनं खांद्यावरचा टॉवेल काढला आणि माझ्या हातात दिला.

"जा, आईक दी," तो म्हणाला. "काठारच उभो रव."